फक्त घरगुती वापरासाठी

एका देणगीदाराने आमच्या सार्वजनिक वाचनालयाला रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर दिला आणि माझ्या डोक्याला ताप झाला. पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. तेव्हा नाशकात गल्लोगल्ली व्हिडिओ लायब्ऱ्या निघाल्या होत्या, रात्रभर हिंदी पिक्चर चालायचे. आमच्या कमिटीला वाटलं, आपण मागे का राहावं? पण आपण ज्ञानाचे चित्रपट दाखवू. हृदय कसं चालतं, रेशमाचा किडा काय खातो, असले.

मी तिथे सहाय्यक ग्रंथपाल होते, तात्पुरती. दर सहा महिन्यांनी एक दिवस मला कामावरून काढायचे आणि दुसऱ्या दिवशी परत घ्यायचे, म्हणजे कायम करायला नको. अशी माझी कितीतरी वर्षं गेली होती. कायम नोकरी एवढी एकच गोष्ट मला आयुष्यात हवी होती. घरी मी आणि आई, दुसरं कमावणारं कुणी नाही.

मुंबईच्या एका कंपनीकडून कॅसेटचं दरपत्रक आलं. प्रत्येक चित्रपटापुढे दोन किमती. एक घरगुती वापराची, दुसरी संस्थेची. संस्थेची आठपट. ते बघून आमचे अध्यक्ष भडकलेच. निवृत्त वकील होते, सगळे त्यांना वकीलसाहेब म्हणायचे.

“एकच चित्रपट, एकच कॅसेट, मग आठपट कशाचे? लुटायला बसलेत काय?”

मी सांगायला गेले, “साहेब, किंमत नुसत्या कॅसेटची नाही. चार लोकांना दाखवायची परवानगी मिळते, तिचे जास्त पैसे.”

“बाई, मला कायदा शिकवू नका.”

वकीलसाहेब दरपत्रकावरून पुन्हा बोट फिरवत गेले आणि एकदम म्हणाले, “बाई, तुम्हाला घर आहे ना?”

“आहे की. द्वारका चौकाच्या मागे, दोन खोल्या.”

“मग झालं तर!”

झालं ते असं. पैसे वाचनालयाचे, खरेदी माझ्या नावाने, घरगुती दरात. टीव्ही माझ्या घरी न्यायचा, चित्रपट माझ्या घरी लावायचे आणि सभासद येतील ते माझे पाहुणे. कायदाही मोडला नाही, पैसेही वाचले. कमिटीने टेबल बडवलं. एका मास्तरांनी विचारलं, “आणि बाईंची काही हरकत?” सगळे माझ्याकडे बघायला लागले. तात्पुरत्या बाईची कसली हरकत! कंपनीचा छापील करार माझ्यापुढे सरकवला, मी सही केली.

दर शनिवारी दुपारी माझं घर माझं राहायचं नाही. बाहेरच्या खोलीत एकच प्लग, तो बुद्धमूर्तीच्या फळीखाली, म्हणून टीव्ही तिथेच. पेन्शनर, शाळेच्या मुली, कुणाकुणाच्या सुना, त्यांची पोरं, सगळे मांडीला मांडी लावून. चपलांचा ढीग शेजारणीच्या दारापर्यंत जायचा, ती माझ्याशी बोलेनाशी झाली. आई आत ओट्याजवळ अंग चोरून बसायची. पण ती गावाकडची, तिने ‘पाहुणे’ हा शब्द ऐकला होता.

“पावणे हायेत ना? मग च्या नाय द्यायचा? लोक काय म्हन्तील?”

“अगं आई, ते नावाचे पाहुणे!”

“नावाचा आसंल न्हाय तर गावाचा. उंबऱ्याच्या आत आला त्यो पावना.”

झालं, चहा सुरू. दूध-साखर माझ्या पगारातून. पाहुणे इतके सोकावले, की एकदा चहाला उशीर झाला तर एक पेन्शनर म्हणाले, “आज इंटरव्हल नाही वाटतं?” असा संताप आला मला! एकदा बाळंतपणावरचा चित्रपट निघाला. म्हातारी मंडळी छताकडे बघायला लागली, मुली ओढणीत तोंड घालून हसायला लागल्या. आईने आतून डोकावून पाहिलं आणि म्हणाली, “ह्यात काय बघायचं येवढं? आमी येवढं केलं, कुनी तिकीट काढून आलं नाय.” तेवढा एक शनिवार मी हसले.

पुढच्या उन्हाळ्यात अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याने कामगारांसाठी वाचनालय काढलं. ग्रंथपाल पाहिजे, जागा कायम. मी अर्ज केला, मुलाखत दिली आणि माझी निवड झाली! मी पेढे घेऊन घरी आले, आईला कडकडून मिठी मारली. एक जूनला रुजू व्हायचं होतं. फक्त येताना आधीच्या संस्थेचा ना-हरकत दाखला आणायचा होता.

पेढ्यांचा पुडा घेऊन मी वकीलसाहेबांकडे गेले. त्यांनी पेढा खाल्ला, अभिनंदन केलं आणि म्हणाले, “पण कॅसेटचं काय?”

“काय म्हणजे? उद्या सगळ्या आणून देते.”

“अशा कशा देता? करार वाचलात ना? खरेदी करणाऱ्याला दुसऱ्या कुणाला विकता येणार नाही, देता येणार नाही. वाचनालयाने त्या घेतल्या, तर करार मोडला. आणि सही तुमची आहे.”

आता करार आठवला होय, असं अगदी ओठांवर आलं. गिळलं. म्हटलं, “मग माझ्याकडेच राहू देत.”

“बरं. वाचनालयाच्या पैशाचा माल तुमच्या घरात, आणि तुम्ही नोकरी सोडून चाललात. उद्या ऑडिटरने विचारलं, तर त्याला काय म्हणायचं?” त्यांनी तोंड पुसलं. “अफरातफर म्हणतात, बाई. मी म्हणत नाही, कायदा म्हणतो.”

पोटासाठी राबणाऱ्या बाईच्या नावापुढे तो शब्द लागला, तर अंबडच काय, कुठेच कुणी दारात उभं करणार नव्हतं. मी रडले, हात जोडले. ते वाईट माणूस नव्हते, हेच तर वाईट होतं. मला पाणी दिलं, “काहीतरी मार्ग काढू,” म्हणाले. कमिटीपुढे ठेवू, तोवर दाखला थांबू दे म्हणाले. कमिटी मे महिन्यात भरली नाही, मंडळी लग्नांना गेली होती; जूनमध्येही पुरेशी माणसं जमली नाहीत. कारखान्यातल्या साहेबांनी माझ्यासाठी जूनभर वाट पाहिली. मग तिथे दुसरी बाई रुजू झाली.

त्यानंतरच्या शनिवारी मी दाराला आतून कडी घातली. बाहेर पाहुणे कडी वाजवत होते, हाका मारत होते. मी भिंतीला टेकून बसून राहिले, उठणार नाही म्हणजे नाही. शेवटी आई उठली.

“आई, उघडू नकोस.”

“दारात आल्याला मान्साला आसं करत्यात व्हय?” ती म्हणाली आणि कडी काढली. चपला काढून सगळे आत आले. मी स्टोव्ह पेटवला.

दिवाळी झाल्यावर कॅसेटच्या कंपनीचा माणूस ऑर्डरी गोळा करत नाशकात आला आणि थेट आमच्या वाचनालयात. वकीलसाहेबांनी घाईघाईने सांगून टाकलं, “आमच्याकडे तुमचं काही नाही बरं का. संस्थेचा दर आम्हाला झेपत नाही.”

“पण तो दर तुम्हाला कुठे आहे?” तो माणूस म्हणाला. “तो क्लबांना, कॉलेजांना. सार्वजनिक वाचनालय तिकीट न लावता दाखवणार असेल, तर आम्ही घरगुती दरातच परवानगी देतो. एक पत्र टाकायचं फक्त.”

मी कसंबसं विचारलं, “आणि कुणी स्वतःच्या नावावर घेतलेल्या कॅसेट वाचनालयाला द्यायच्या असतील तर?”

“कळवा, नाव बदलून देऊ. त्यात काय?”

“हे पहिल्यापासून असंच आहे?”

“पहिल्यापासून. पण विचारतच नाही हो कुणी. जो तो आपला घरगुती म्हणून नेतो.”

वकीलसाहेबांनी टेबलावर थाप मारली. इतके खूश झालेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. “घ्या! बाई, सुटलात तुम्ही! आजच पत्र टाका. आणि तुमचा तो दाखला, तो आत्ताच देतो, राहिला होता ना?” त्यांनी कागद ओढला, पेनाचं टोपण काढलं. “खुशाल जा अंबडला. तारीख कोणती टाकू?”

“एक जून,” मी म्हणाले.

“अहो बाई, जून कधीच गेला की!”

“तेच म्हणते मी.”