माळ्यावरचा माळा

बाबांचा कॉम्प्युटर भरला, ही बातमी आईने मला फोनवर दिली ती गच्चीवरची पाण्याची टाकी भरल्याच्या सुरात. भरलाय म्हणे, आता उघडत नाही, तू येऊन बघ. मी पुण्यात नोकरी करते आणि दिवसभर लोकांचे बिघडलेले कॉम्प्युटरच बघते, त्यामुळे घरच्या कॉम्प्युटरचं नाव काढलं की माझं डोकं आधीच तापतं. डॉक्टरच्या घरच्यांनी जेवताना जीभ काढून दाखवावी तसं होतं ते. तरी शनिवारी सकाळची एसटी धरली आणि महाडला उतरले.

बाबा चित्रकलेचे शिक्षक. नोकरीभर त्यांनी वर्गातल्या मुलांची चित्रं एका पत्र्याच्या पेटीत जपली होती. निवृत्त झाल्यावर मी त्यांना स्कॅनर आणून दिला आणि ते रोज थोडी थोडी चित्रं कॉम्प्युटरमध्ये घेऊ लागले. अर्धी पेटी झाली असेल नसेल, तेवढ्यात तो मोठा पूर आला. जड म्हणून खालीच राहिलेली पेटी गेली. कॉम्प्युटर माळ्यावर चढवून ठेवला होता, तो तेवढा वाचला. म्हणजे जी चित्रं उरली ती फक्त त्या एका यंत्रात. आता शाळेने सभागृहात त्यांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं होतं, जुने विद्यार्थी येणार होते, छापणारा रोज फोन करत होता, आणि यंत्र उघडत नव्हतं. मी घरात पाय ठेवला तेव्हा बाबांच्या पुढ्यातला चहा गार झालेला होता. त्यांचा चहा गार होणं ही आमच्या घरी साधी गोष्ट नाही.

यंत्राचा आजार असा होता. पासवर्ड टाकला की पडदा काळा होई, क्षणभर आशा वाटे आणि पुन्हा पासवर्डचाच चौकोन समोर येई. बाबांचं म्हणणं, माझंच काहीतरी चुकतंय. त्यांचं चुकत नव्हतं. जुन्या कॉम्प्युटरला नवं काही पेलवत नाही म्हणून मीच त्यात लिनक्स नावाची हलकी प्रणाली घालून दिली होती, आणि डिस्कवर तसूभरही जागा उरली नाही की ती अशीच वागते. दार उघडतं आणि पाहुण्याला बसायला जागा नाही म्हणून परत बाहेर काढतं. मी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची खिडकी उघडली आणि जागेचा हिशेब विचारला. उत्तर आलं, शंभर टक्के. बाबा खुर्चीमागे उभे होते. म्हणाले, शंभर टक्के म्हणजे पहिला नंबर की. म्हटलं चला, मास्तर अजून शाबूत आहेत. मग अपडेटसाठी उतरवलेली आणि तशीच पडून राहिलेली पॅकेजं काढली, यंत्र स्वतःच्या कामाच्या ठेवतं त्या जुन्या नोंदी छाटल्या, थोडी फट झाली आणि यंत्राने आम्हाला आत घेतलं.

आत गेल्यावर बाबांनी आधी चित्रांचं फोल्डर उघडायला लावलं. तिथे एकही चित्र दिसेना. नुसती एकसारखी राखाडी चिन्हं, रांगेने. बाबा खुर्चीच्या पाठीला धरून म्हणाले, बघ, गेली ना सगळी. मी एकावर टिचकी मारली तर पडदाभर चित्र उघडलं. वांगं होतं की हत्ती ते सांगता येणार नाही, पण शाबूत होतं. भानगड एवढीच होती की फाइल फार मोठी असली तर फाइल्स मांडून दाखवणारा फाइल मॅनेजर तिचं छोटं रूप काढायच्या फंदात पडत नाही, आणि बाबा प्रत्येक कागद स्कॅनरच्या सगळ्यात वरच्या मापाने घेत होते. मुंगी काढलेली असो की म्हैस, माप म्हशीचंच. मी सेटिंगमध्ये जाऊन ती मर्यादा वाढवली. मग एकेक चित्र उमटायला लागलं: भाताची शेतं, गणपती, लाल डब्याची एसटी, तीन डोंगर आणि मधे सूर्य, पुन्हा तीन डोंगर आणि मधे सूर्य. आई पिठाचे हात घेऊन बाहेर आली आणि तिथेच उभी राहिली. बाबा प्रत्येक चित्राला हे कुणाचं ते सांगू लागले.

पण जागा कुणी खाल्ली ते कळलंच नव्हतं. चित्रं कितीही म्हशीएवढी असली तरी सगळी मिळून डिस्कचा एक कोपरा भरेल इतकीच होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं मी तासभर बाकीचं सगळं धुंडाळलं. शेवटी लपवलेल्या फाइल्स दाखवायची खूण चालू केली. लिनक्समध्ये फोल्डरच्या नावाआधी टिंब दिलं की ते फाइल मॅनेजरमध्ये दिसत नाही. खूण केल्याबरोबर एक फोल्डर समोर आलं. त्याचं नाव होतं 'माळा'.

महाडच्या बाहेर राहणाऱ्यांना सांगायला हवं, की मे महिन्यात इथल्या बाजारपेठेत कुणाच्याही घरी जा, सामान वर चढत असतं. गाद्या, मिक्सर, दुकानातला माल, मुलांचे दाखले, सगळं माळ्यावर. सावित्री नदीला पाणी चढलं की ते विचारून आत येत नाही. बाबांनीही दर मे महिन्यात चित्रं माळ्यावर टाकली होती. कॉम्प्युटरच्या आत. 'माळा' नावाचं फोल्डर करायचं आणि आतलं सगळंच्या सगळं त्यात उतरवायचं. पुढच्या मे महिन्यात नवा माळा करायचा आणि पुन्हा सगळं उतरवायचं, जुन्या माळ्यासकट. मी एक माळा उघडला तर आत चित्रं आणि एक माळा. तो उघडला तर आत चित्रं आणि एक माळा. दरवर्षी ऐवज दुप्पट होत गेला होता. मला आधी राग आला, मग हसू फुटलं, आणि मग हसू आवरेना.

टिंबाची युक्ती मीच कधीतरी बाबांना सांगितली असेल; पण लपवलं कशाला, तर आईपासून. आई घर आवरते तसा कॉम्प्युटरही आवरते. मागच्या वर्षी तिने एक अख्खा माळा पसारा म्हणून कचऱ्याच्या टोपलीत टाकला होता. मी टोपली उघडली, तर तो माळा तिथे सुखरूप. टोपली रिकामी का केली नाहीस, असं विचारलं तर म्हणाली, रद्दी काय रोज टाकतात का, साठली की एकदम टाकायची. म्हणजे एकाने साठवायचं, दुसरीने टाकायचं, आणि घराबाहेर मात्र काहीच जायचं नाही. भांडण जिंकण्याच्या नादात दोघांनी मिळून डिस्क भरली होती.

मी बाबांना समजावलं. हा माळा म्हणजे माळा नव्हे. तळमजला आणि माळा एकाच डब्यात आहेत, डबा बुडाला की दोन्ही बुडणार. सगळ्या प्रती मी एका प्रोग्रॅमने ताडून पाहिल्या होत्या, त्यांत फरक काही नव्हता. एक ठेवू, बाकीच्या काढू. बाबांनी सगळं नीट ऐकलं, मान हलवली आणि म्हणाले, बरोबर आहे, पण काढू नकोस. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, हे मला कळत होतं. तरी चिडून मी विचारलं, मग प्रदर्शनाचं काय करायचं? छपाईसाठी फाइल्स तयार करायच्या तर जागा लागेल. त्यांनी माउस माझ्या हाताखालून काढून स्वतःकडे ओढून घेतला. ते पाहिलं आणि माझी चीड गेली. मला त्यांच्याबद्दल फार वाईट वाटलं.

तोडगा आईने काढला. पोलादपूरच्या वर डोंगरातल्या वाडीत आत्या राहते, बाबांची धाकटी बहीण. दर पावसाळ्याआधी आमची पितळेची भांडी आणि आईच्या दोन भारी साड्या तिच्याकडे जातात आणि गणपतीला परत येतात. तशीच चित्रंही का पाठवत नाही, आई म्हणाली. एवढं शिकून मला जे सुचलं नव्हतं ते तिला कढी ढवळता ढवळता सुचलं, याचा थोडा राग आलाच. मी पुण्याहून आणलेल्या, वायरीने जोडायच्या छोट्या डिस्कवर सगळी चित्रं उतरवली आणि रविवारी सकाळी बाबा आणि मी वाडीला निघालो. एसटीत बाबांनी डिस्क मांडीवर धरली होती, रुमालात बांधून.

आत्याने आधी माझ्या बारीक होण्याची चौकशी केली, नाचणीची भाकरी आणि सुकट पुढ्यात ठेवली, आणि मग रुमालाकडे पाहिलं. "ह्यात काय हाय रं, दादा?"

"पोरांची चित्रं."

"समदी? एवढ्याशा डबीत?"

तिने ती डबी हातात तोलून पाहिली, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घातली आणि भाताच्या कणगीत कोपरभर खोल खुपसली. बाबांनी दोनदा विचारलं, उंदीर नाहीत ना? वाडीवर बाबांची भाषा बदलते. "उंदीर नायत ना गो?" आत्या म्हणाली, मांजर हाय, आन् मी हाय. मी तिला सांगितलं, थंड आणि कोरडी जागा हवी होती, ही एकदम बरोबर आहे. त्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुढे काही सांगायच्या भानगडीत पडले नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर बाबा स्वतः कॉम्प्युटरपुढे बसले. त्यांनी माळा निवडला, मी सांगितलं ते केलं, आणि पडद्यावर प्रश्न आला, हे कायमचं काढून टाकायचं का? परत मिळणार नाही. बाबा तो प्रश्न वाचत बसले. आई शेजारी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्या दिवशी मला सोडून पेटी उचलली असतीत, तर हा सगळा खटाटोप वाचला असता."

पुराच्या वेळी आईचा पाय प्लास्टरमध्ये होता. पाणी उंबऱ्यावर आलं तेव्हा बाबांना जिन्याची एकच फेरी जमण्यासारखी होती. त्यांनी तिला पाठुंगळी घेतलं आणि वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे नेलं. खाली येईपर्यंत पेटी पाण्याखाली गेली होती. मला हे ठाऊक होतं, पण त्या दोघांना यावर बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

बाबांनी चष्मा सारखा केला. "चित्रांची प्रत तरी काढता येते," ते म्हणाले. "तुझी कुठून काढली असती?"

आणि त्यांनी बटण दाबलं.