गुळाविना दोडका

इंदुमतीबाई बिलोलीकरांना एखादी गोष्ट येत नाही, असं म्हणायची छाती बरकतपुऱ्यात कुणाची नव्हती. एकतीस वर्षं सरकारी शाळेत गणित शिकवलेल्या बाई. निवृत्त झाल्या तरी गल्लीतल्या लोकांच्या चुका काढणं त्यांनी सोडलं नव्हतं. बाळाला भरवण्यात तर आपला हात धरणारं कुणी नाही, असं त्या स्वतःच सांगत.

पुरावा म्हणून मुलाचं, केदारचं, नाव पुढे येई. "हा दहा महिन्यांचा असताना बारा भाज्या खायचा, हौ! वाटी चाटूनपुसून साफ." ते खरंच होतं. दोडका असो की मेथी, बाई ती शिजवत, मिक्सरमधून काढत, गाळत, गुळात कालवत आणि उष्टावणाच्या खिरीसारखी चाटवत. पोरानं मान फिरवली की गूळ आणखी वाढे.

आता केदार छत्तीस वर्षांचा होता आणि पानातला दोडका पाल पडल्यासारखा कडेला सारत होता. डॉक्टरांनी रक्तातली साखर दोनदा तपासायला लावली होती. "त्याच्या बापाकडून आलंय ते," बाई म्हणत. बाप भिंतीवरच्या फोटोत असल्यामुळे उलट बोलू शकत नव्हता.

गाडं अडलं ते नातीपाशी. श्रुतीला आठवा महिना लागला होता. सून दीपाली दोन आठवड्यांत ऑफिसला रुजू होणार होती आणि श्रुती दिवसभर आजीजवळ राहणार, हे ठरलेलं होतं. त्या शुक्रवारी दीपालीनं तिच्या हातात उकडलेल्या दोडक्याची मऊ फोड दिली. श्रुतीनं ती तोंडात घातली, शहारली आणि थुंकली. दीपाली पाणी आणायला वळली, तेवढ्यात बाईंनी दुसरी फोड गुळात घोळवली.

दीपालीनं ते पाहिलं. ती आवाज चढवणारी नव्हती. "आई, असंच करणार असाल तर मी कुकटपल्लीच्या पाळणाघरात विचारते. ऑफिसच्या शेजारीच आहे."

बाईंनी फोड खाली ठेवली. नात सकाळपासून संध्याकाळपर्यंत परक्यांच्या हाती? "अगं, नक्को म्हणतेय ती! तोंड बघ, किती परेशान झालीय."

"नवी चव आहे, आई. एकदा थुंकलं म्हणजे आवडत नाही असं नसतं. दहा वेळा तशीच देऊन बघू."

आकडा समोर आला की बाई ऐकत. कॅलेंडरवर त्यांनी स्वतःच खुणा सुरू केल्या. दुसऱ्या दिवशी फोड जमिनीवर गेली. चौथ्या दिवशी श्रुतीनं ती नुसती चोखली. बाईंचे हात शिवशिवत. शेवटी गुळाचा डबा त्यांनी माळ्यावर टाकला, कारण त्यांचा स्वतःवरच भरवसा उरला नव्हता. सातव्या दिवशी पोरीनं तोंड वाकडं केलं, तरी घास गिळला.

दहावा दिवस रविवारी आला. श्रुतीनं ताटलीत हात घातला, फोड उचलली आणि खाल्ली. मग दुसरी. तिसरी अर्धी खाऊन तिनं मान फिरवली. "एक घास काऊचा" बाईंच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं आणि ताटली उचलून बाजूला ठेवली.

"एवढंच? भूक राहिली असेल," आता दीपालीच म्हणाली.

"भूक असली की मागेल. पोट तिचं आहे, तुझं नाही."

टेबलाशी बसलेला केदार हसला. "आई, मला का नाही गं असं दिलंस?"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी मुलाकडे नीट बघितलं. "बारा भाज्या खाल्ल्यास म्हणून मी जन्मभर मिरवलं. तू एकच गोष्ट खाल्लीस रे, गूळ. भाजीची चव मी तुला कळूच दिली नाही. माझी चूक झाली."

हे शब्द त्या घरानं बाईंच्या तोंडून प्रथमच ऐकले. दीपालीनं श्रुतीला उचललं आणि सासूच्या मांडीवर ठेवलं.

"उद्या साडेआठला निघते मी, आई. दुपारी काय द्याल हिला?"

"मेथी," बाई म्हणाल्या. "दहा दिवस तोंड वाकडं करेल. करू दे."