रॉकेल नाना

शिंदखेड्यात येऊन पितांबरचं घर विचारलंत तर लोक डोकं खाजवतील. रॉकेल नानांचं विचारा, चहावाला किटली खाली ठेवून वाट दाखवेल. आता हे नाव काही लाडाने पडलेलं नाही. एका तरण्या पोराची भर बाजारात फजिती झाली, ती लोकांनी त्याच्या नावालाच बांधून दिली, आणि तो म्हातारा झाला तरी सोडली नाही. आजकालच्या पोरांना तर त्यामागचं कारणही ठाऊक नाही.

कारण होतं तोताराम आबा पाटलांचा ट्रॅक्टर. डिझेलवाला नव्हे, त्याच्याही आधीचा. तो सुरू करायचा पेट्रोलवर, इंजिन चांगलं तापलं की कॉक फिरवून रॉकेलवर घ्यायचा, आणि बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर आणायचा. यात जो चुकला त्याचं इंजिन रुसलंच. पितांबर कधी चुकत नसे. आबा दुसऱ्या कुणाला त्या सीटवर टेकूसुद्धा देत नसत. नवा डिझेल ट्रॅक्टर येणार होता, आणि तोही पितांबरच चालवणार, असं आबांनी चारचौघांत सांगून टाकलं होतं. पोराचे पाय जमिनीवर नव्हते, आणि का असावेत?

त्याच दिवसांत झुलाल मिस्तरीने गॅरेज टाकलं. पितांबर त्याला भाऊ म्हणायचा. झुलालला हाताखाली असाच माणूस हवा होता. त्याने बोलावून पाहिलं, गोड बोलून पाहिलं. पितांबर हसून म्हणाला, "भाऊ, माले सीटवरच बरं वाटस."

पुढे एका बाजाराच्या दिवशी कापसाने भरलेली ट्रॉली घेऊन पितांबर जिनिंगला निघाला. कार्बोरेटर झुलालनेच आदल्या दिवशी खोलून साफ करून दिला होता. सपाटीला ट्रॅक्टर गुणाने चालला. नाल्याच्या चढावर मात्र इंजिनाने मान टाकली, ट्रॉली मागे घरंगळली आणि आबांचा पांढराशुभ्र कापूस नाल्याच्या चिखलात. सगळा बाजार काठावर जमला. "आबा, तेल कमी पडी ऱ्हायनं!" पितांबर घसा फोडून सांगत होता. झुलालला बोलावलं. त्याने कार्बोरेटर उघडला, बोट बुडवून वास घेतला आणि सगळ्यांदेखत निकाल दिला, की पोराने गार इंजिनावर रॉकेल सोडलं, ते न जळता साचलं.

संपलं. नवा ट्रॅक्टर दुसऱ्याच्या हाती गेला, जुना आबांच्या खळ्यात कोंबड्यांच्या हवाली झाला, आणि पितांबरचा रॉकेल्या झाला. त्याला कुणी दारात उभं करेना तेव्हा झुलालच पुढे आला. "चुकस मानूस," असं म्हणून त्याने खांद्यावर हात ठेवला आणि गॅरेजात घेतलं. तेव्हापासून नाना त्या गॅरेजात. झुलालभाऊंनी आपल्याला उभं केलं, हे ते येईल त्याला सांगत. दसऱ्याला सोनं द्यायचं ते पहिल्यांदा भाऊंच्या हातात, मग घरच्या देवापुढे. प्रमिलाबाई, त्यांची बायको, यावरून दरवर्षी कुरकुरायची आणि दरवर्षी गप्प बसायची.

यंदा झुलालच्या मुलाने, हितेंद्रने, तो जुना ट्रॅक्टर आबांच्या नातवाकडून विकत आणला. दसऱ्याला गॅरेजसमोर पूजा करायची आणि ट्रॉलीत माणसं भरून नाल्याचा चढ चढवायचा, असा त्याचा बेत. रॉकेल आता शोधूनही मिळत नाही, तरी त्याने कुठून तरी कॅनभर पैदा केलं. चालवणार कोण, तर रॉकेल नाना. नानांना रात्री झोप लागेना. तोच चढ चढून दाखवायचा, मग पुढे लोक काय म्हणायचं ते म्हणोत.

म्हातारा झुलाल मात्र गॅरेजातल्या आपल्या खाटेवरून कुरकुरला. "ते भंगार आनीसन काय करशात? नवाच कार्बोरेटर बसाडा."

नानांनी ऐकलं नाही. त्यांनी कार्बोरेटर खोलला, धुतला, नवी गॅस्केट, नवी नीडल, नवा फ्लोट टाकला. ट्रॅक्टर सुरू झाला, जागेवर छान गुरगुरला. जरा ओझं लावून रेस दिली की धापा टाकून बंद. प्लगची ठिणगी पाहिली, ठणठणीत होती. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत धार भरपूर येत होती. जोडावर तेल सोडून पाहिलं, हवा कुठून ओढत नव्हता. मग त्यांनी चोक अर्धा ओढला, आणि इंजिनाने पटकन दम धरला. चोकने हवा कमी केली की चालतं, म्हणजे तेलच पुरत नाही. तरुणपणी चढावर ओरडून हेच तर सांगितलं होतं.

कार्बोरेटर पुन्हा बाकावर आला. जेट स्वच्छ होता. जेटच्या पुढच्या वाटेत त्यांनी फुंकर घातली, हवा बारीक शिट्टी मारत गेली. त्या वाटेच्या तोंडाशी पितळेचं एक बूच होतं, आणि ते सैल पडू नये म्हणून कडेला लोखंडी पंचाचे तीन ठोके मारलेले. तीन ठोके, त्रिकोणात. असं तालुक्यात एकच माणूस मारायचा, आणि त्याने ते शिकवलं होतं एकट्या पितांबरला.

बूच काढलं. आत शिशाचा तुकडा ठोकून बसवलेला होता, मधे सुईएवढं भोक ठेवून. सपाटीला पुरेल आणि चढावर मारेल, बरोबर तेवढंच.

नानांनी तो पोखरून काढला आणि तळहातावर घेतला. त्यांना आधी राग आलाच नाही, शरम वाटली. ज्या हाताने आपल्याला बुडवलं त्याच हातात आपण सोनं ठेवत आलो, तेही वाकून. मग राग आला, आणि पाना त्यांनी बाकावर आपटला.

ते खाटेजवळ गेले आणि तुकडा झुलालसमोर धरला. म्हाताऱ्याने चष्मा शोधलासुद्धा नाही.

"आजून शे का ते?" झुलाल म्हणाला.

"कसाले करं, भाऊ?"

"तू आबाना नवा ट्रॅक्टरवर जाता. माले तुना सारखा हात कोठे भेटता?" मग झुलाल आवाज चढवून म्हणाला, "कधी उपाशी ठेवं का तुले?"

खरोखरच उपाशी ठेवलं नव्हतं. नाना खाटेच्या कडेला टेकले. "एक डाव लोकेसमोर सांगा. तेवढं करा, मी बठ्ठं भुली जासू."

"दसराले सांगसू," झुलाल म्हणाला आणि कुशीवर वळला.

घरी प्रमिलाबाईने सगळं ऐकून घेतलं. तिने ताट पुढे सरकवलं आणि म्हणाली, "मी बी रॉकेल्यानी बायको म्हनीसनच दिन काढात. त्यानी सांगं नही तं तुम्ही सांगा." नाना म्हणाले, भाऊ शब्द मोडणार नाहीत. अजूनही भाऊच!

दसऱ्याला गॅरेजसमोर माणसं जमली. ट्रॅक्टरला झेंडूचा हार, नारळ, सगळं झालं. हितेंद्रने सर्वांसमोर विचारलं, "नाना, बिघाड काय व्हता हो?"

नानांनी झुलालकडे पाहिलं. खुर्चीत नवा फेटा बांधून बसलेला झुलाल खाकरला. आता बोलतील, नानांना वाटलं.

"काय ऱ्हाई?" झुलाल म्हणाला. "त्यानंच जुनं रॉकेल साचेल व्हतं!"

सगळे खो खो हसले. हितेंद्रही हसला, त्या बिचाऱ्याला काय ठाऊक. नानांना पहिल्या वेळी इतकं लागलं नव्हतं. तेव्हा ते फसले होते; या वेळी डोळ्यांदेखत, शब्द देऊन, फसवले गेले होते.

ते पुढे झाले. हँडल मारून ट्रॅक्टर सुरू केला. झुलालला हौसेने मडगार्डवरच्या सीटवर बसवलं गेलं, बाकीचे ट्रॉलीत. नानांनी इंजिन मनासारखं तापू दिलं, मग कॉक रॉकेलवर फिरवला. नाल्याच्या चढाला लागल्यावर ट्रॉलीतल्या माणसांनी कडा घट्ट धरल्या. इंजिनाचा आवाज जड झाला, पण खाली आला नाही. भरली ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर एका दमात वर आला.

"चढनं रे!" झुलाल म्हणाला.

"तवय बी चढतंच," नाना म्हणाले.

वर त्यांनी कॉक पेट्रोलवर आणला, आतलं रॉकेल जळून जाईपर्यंत इंजिन चालू ठेवलं, मगच बंद केलं. लोक उतरून एकमेकांना सोनं देऊ लागले. झुलालने सवयीने नानांपुढे हात पसरला, पहिलं सोनं नेहमी त्याचंच. नानांनी खिशातून शिशाचा तुकडा काढून त्या हातावर ठेवला. वाकले नाहीत.

हितेंद्र पुढे आला. "हाई काय शे, नाना?"

"तोच बिघाड शे. कार्बोरेटरमा कोनी ठोका, झुलालले इचार."

भाऊ न लावता ते नाव नानांच्या तोंडून आजवर कुणी ऐकलं नव्हतं. बापाने मूठ घट्ट मिटली, आणि हितेंद्र ती उघडायला गेला.