टॅक्सीचा वायरलेस

आमच्या आईला दुपारी जेवायला लावणं हे गव्हर्मेंटलाही जमलं नसतं. बाबांची होडी समुद्रात असेपर्यंत ती घास घेत नसे. आचऱ्याच्या किनाऱ्यावर अशा बायका ढीगभर, पण आमची त्यात हेडमास्तरीण. त्यात एकदा इंजिन बंद पडून बाबा दुसऱ्या दिवशी परतले, आणि तिने फर्मान काढलं, "वायरलेस सेट नाय, तर दर्यो नाय." दुपारी एकदा त्यांचा आवाज कानावर पडला की आपण जेवू, एवढीच तिची अट.

गोव्यात एका टॅक्सीवाल्याने गाशा गुंडाळला होता. त्याचे दोन जुने वायरलेस सेट बाबा गोणपाटात गुंडाळून घेऊन आले. त्यांत टॅक्सीवाल्याच्या फ्रिक्वेन्स्या होत्या. त्या काढून मच्छीमार सोसायटीची, परवान्यातली, भरायला हवी होती. मी तेव्हा मालवणात कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते आणि स्वतःला भलतीच हुशार समजत होते. म्हटलं, कारागिराकडे कशाला, मी भरते.

भरते म्हणणं सोपं. सेट कॉम्प्युटरला जोडायची केबल मीच डाग देऊन बनवली. सेटचा प्रोग्रॅम जुना, काळ्या पडद्याचा. क्लासमधल्या नव्या मशीनवर चालू केला की हटकून मान टाकायचा. शेवटी कोपऱ्यात पडलेलं म्हातारं मशीन पुसून घेतलं, त्यावर बिचारा सुरळीत चालला. पडद्यावर आधी ‘एअरपोर्ट’, ‘स्टँड’, ‘हॉटेल’ अशी चॅनेलं उमटली. ती फ्लॉपीवर उतरवून ठेवली, मग पुसली आणि सोसायटीचं चॅनेल भरलं. एक सेट होडीवर बसला, दुसरा आमच्या पडवीत बॅटरीवर. अँटेना माडाला बांधला.

पण बाबांची वेगळीच अट. "घरातलां बोलणां दुसऱ्या कोणाक आयकाक येवक नको." आता एकाच चॅनेलवर सगळ्या होड्या, हे कसं व्हायचं? प्रोग्रॅममध्ये ‘टोन’ नावाचा एक रकाना होता. मी दोन्ही सेटमध्ये एकच टोन घातला, आणि काय सांगू, बाकीच्या होड्यांची बडबड एकदम बंद. फक्त बाबांचा आवाज येई. मी ऐटीत जाहीर केलं की कुलूप लागलं, आता खुशाल बोला.

आणि बाबा बोलायला लागले. घरात ‘हं’ आणि ‘मीठ कमी’ यापलीकडे न जाणारा माणूस रोज दुपारी विचारू लागला, "जेवलंस गो?" एकदा म्हणाले, "तुझ्या हातचां बांगड्याचां तिखलां आठवता." आई माइकसमोर पदर सावरून बसे, कालवणात घालायची तिरफळं संपली आहेत, आणायला हवीत, असलं काहीबाही सांगे आणि मग पोटभर जेवे. मला इतका आनंद झाला की मी क्लासमध्ये पोरांवर ओरडायचीसुद्धा विसरले.

एके दिवशी लिलावाच्या जागी मासे विकणाऱ्या एका बाईने आईला साळसूदपणे विचारलं, "काय गो, तिरफळां गावली मां?" आजूबाजूच्या बायका टोपल्यांत तोंड घालून हसत होत्या.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. टोनने आमचे कान बंद झाले होते, तोंड उघडंच होतं. डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजरासारखी आमची गत. अख्ख्या किनाऱ्याला आमचा संसार ऐकू येत होता. दुपारी म्हणे लोक इंजिन बंद करून ऐकत. कोणी चॅनेलवर ओरडून सांगितलंही असेल, पण आम्हाला कुठून ऐकू येणार?

टोन मी त्याच दिवशी काढला. बाबा लाजेने लाल झाले होते. आईच्या धाकाने सेट होडीवर नेला, पण बोलायचं नाव नाही. पहिल्या दुपारी पडवीतल्या सेटवर सगळ्यांचे आवाज आले, बाबांचा सोडून. आईने भात झाकून ठेवला. दुसऱ्या दुपारीही तेच. माझा जीव तुटत होता आणि बाबांचा रागही येत होता. चार लोक हसले म्हणून बायकोला उपाशी ठेवायचं?

तिसऱ्या दुपारी सेट खरखरला. शेजारच्या होडीवरचा माणूस होता. "वयनी, दादा आमच्या बाजूकच आसा. बरो आसा. बोलूक लाजता. तुमी जेवून घेवा."

लगेच दुसऱ्या होडीवरून कोणी म्हणालं, "होय वयनी, आमकाय दिसता. जेवा तुमी." मग तिसरा. आता किनाराभर वयनीला जेवायला बसवायची चढाओढ लागणार, तेवढ्यात बाबांचा आवाज आला.

"तिका सांगूक मी आसंय. तुमी आपली जाळी ओढा." मग आईला म्हणाले, "आयकलंस गो? बरो आसंय मी. आयकूदेत सगळे."

आईने माइक उचलला, बटण दाबलं. ती नुसतीच बटण धरून रडत हसत बसली. ती बटण सोडत नाही तोवर दुसऱ्या कोणाला बोलता येणार नव्हतं. मग बटण सोडून तिने ताट पुढे ओढलं.