कूलरसमोरचा जावई

थंडीत बोटं आखडतात हे कुणालाही सांगता येतं. लोक माना डोलावतात, एरंडेल तेल सुचवतात आणि आपल्या मावशीची गोष्ट सुरू करतात. पण मे महिन्यात, अकोल्यात, चारचौघांत बसून "मला गारठा बाधतोय" असं म्हणायला जी हिंमत लागते ती माझ्यात नव्हती. म्हणून पुढचं सगळं रामायण घडलं.

मला संधिवात आहे. म्हातारपणी गुडघे झिजून येतो तो नव्हे. तरुणपणीच येऊन सगळ्या सांध्यांत बिऱ्हाड थाटतो तो. लग्नाला वर्ष होतंय न होतंय तोच आला. त्याचं आणि ऋतूंचं पक्कं साटंलोटं आहे. हिवाळ्यात सकाळी मूठ मिटत नाही. पावसाळ्यात मनगटं सुजतात. आभाळ नुसतं भरून आलं तरी गुडघ्याला ते माझ्या आधी कळतं. उन्हाळ्यात मात्र तो जरा गावाला जातो. आम्ही राहतो ती अख्खी अमरावती उन्हाच्या नावानं बोटं मोडत असते तेव्हा माझी बोटं खरोखर मोडता येण्याइतकी मोकळी झालेली असतात. शर्टाची बटणं मी स्वतः लावतो. एरवी ती बायको लावते, आणि लावताना त्या दिवसाची सगळी कामं ऐकवते, कारण मी कुठे पळून जाऊ शकत नाही.

मी शाळेत गणित शिकवतो. हिवाळ्यात सकाळच्या शाळेला खडू धरता येत नाही म्हणून मी मुलांनाच फळ्यावर बोलावून गणितं करायला लावायचो. मुख्याध्यापकांनी ते पाहिलं आणि स्टाफरूममध्ये माझं कौतुक केलं, की बघा, मुलांना कसं सहभागी करून घेतात. मी कौतुक मुकाट्यानं घेतलं. आजार लपवण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता.

सगळ्यात जास्त लपवला तो सासरी. माझ्या सासरेबुवांची बार्शीटाकळीकडे शेती, घर अकोल्यात. रोज पहाटे मोटरसायकलीवर शेतात जायचं आणि ऊन चढायच्या आत परत यायचं, असा खमका माणूस. लेकीसाठी स्थळं पाहताना त्यांनी एका मुलाला तो चहा घेताना दोनदा शिंकला म्हणून नाकारलं होतं, ही गोष्ट त्या घरात मोठ्या अभिमानानं सांगितली जायची. आणि मला पसंत केल्यावर त्यांनी सगळ्या सोयऱ्यांना सांगितलं होतं, "जवाई एकदम दणकट पाह्यला." आता दणकट जावयानं वर्षभरात गोळ्या सुरू कराव्यात आणि ते त्यांना कळावं? फसवलं म्हणतील, याची मला भयंकर भीती वाटायची. त्याहून वाईट म्हणजे माझ्या बायकोकडे सगळे 'बिचारी' म्हणून बघतील. ती म्हणायची, "कधीतरी सांगावं लागेलच ना?" मी म्हणायचो, "पुढच्या उन्हाळ्यात सांगू, तेव्हा मी बरा दिसतो."

तो उन्हाळा आला आणि त्यातच अधिक महिना आला. तीन वर्षांतून एकदा येणारा हा महिना म्हणजे जावयाची चंगळ. पुरण भरलेले धोंडे खाऊ घालायचे, आहेर करायचा, त्याला देवासारखा मखरात बसवायचा. आमच्या लग्नानंतरचा हा पहिलाच अधिक महिना, त्यामुळे सासरेबुवांनी चार दिवसांचं बोलावणं धाडलं. मी खुशीत होतो. बोटं मोकळी, गुडघा गप्प. दणकट जावई म्हणून मिरवायला याहून चांगला मोसम नव्हता.

आमच्या घरी माझ्यामुळे कूलर लावतच नाहीत, त्यामुळे एकच गोष्ट मी विसरलो होतो. अकोल्यात उन्हाळा बाहेर असतो. घरात कूलर असतो.

सासरचा कूलर लोखंडी पत्र्याचा, चाकांच्या स्टँडवरचा, उंचीनं माझ्या खांद्याला लागणारा. दुपारी जेवणं झाली की दारं-खिडक्या ओढून सगळं घर त्याच्यासमोर आडवं व्हायचं, आणि कोण कुठे झोपणार हे मानपानानुसार ठरलेलं. लेकरं भिंतीकडे, बायका मधे, सासरेबुवा पंख्याखाली. आणि ऐन हवेच्या तोंडावर, जिथे पाण्याचे थेंबसुद्धा अंगावर येतात, तिथे जावई.

"जवाईबापू, इकडे या. हवेत बसा."

"मामाजी, मी इथं कोपऱ्यात बरा आहे."

"कोपऱ्यात काहून? कोपऱ्यात बसाले तुमी काय परके आहे का?"

बसलो. कूलरच्या जाळीतलं ओलं गवत, त्यातून येणारा दमट गार वारा, थेट सांध्यांवर. दोन तासांनी उठलो तेव्हा बाहेर पंचेचाळीस डिग्री होतं आणि माझ्या बोटांत पौष महिना सुरू झाला होता. चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून प्यावा लागला. सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "पाहा, किती आवडीनं चाय पेऊन राहिले."

दुसऱ्या दिवशी मी शहाणपणा केला. सगळे झोपल्यावर हळूच सरकत कोपरा गाठला. डोळा लागतो न लागतो तोच घरघर जवळ आली. पाहतो तर माझा साळा कूलर ढकलत माझ्याकडे घेऊन येत होता. "भाऊजी, तुमाले हवा लागून नव्हती राहिली," तो म्हणाला. मी आभार मानले. दुसरं काय करणार?

तिसऱ्या दिवशी सासरेबुवांनी कमाल केली. जावई तोंड पाडून बसतात, उकडत असेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी बर्फाची लादी मागवली, पोत्यात गुंडाळलेली, आणि ती फोडून कूलरच्या टाकीत टाकली. पोरं आनंदानं नाचली. पहिला झोत माझ्या मनगटांवर आला आणि मी "आलोच" म्हणून उठलो तो थेट गच्चीवर.

दुपारचे दोन. गच्चीवर चिटपाखरू नाही. तापलेल्या कठड्यावर मी दोन्ही हात पसरून ठेवले आणि काय सांगू, स्वर्ग! बोटं एकेक करून परत माझी झाली. पाण्याच्या टाकीला पाठ टेकवून, डोक्यावर ओला टॉवेल घेऊन मी डोळे मिटून बसलो. शेजारच्या गच्चीवर एक बाई कुरडया उलटायला आली. तिनं मला पाहिलं, आणि खाली वाकून माझ्या सासूबाईंना हाक मारली.

"अवो, तुमचे जवाई उन्हात काहून बसले जी? काई झालं का?"

झालं! पाच मिनिटांत घराला आणि दहा मिनिटांत गल्लीला कळलं की जावई रुसले. धोंड्याला आलेला जावई दुपारी कूलर सोडून गच्चीवर बसतो याला दुसरा अर्थच नव्हता. काहीतरी हवं असणार. साळ्याला बोलणी करायला वर पाठवलं.

"भाऊजी, मोकळं सांगा. काय पायजे? मोठा टीव्ही पायजे का?"

"अरे मला काही नको."

त्याचा चेहरा पडला. आमच्याकडे जावयाचं 'काही नको' सगळ्यात महाग असतं. तो पायऱ्या उतरताना सासूबाईंना म्हणाला, "बाई, टीव्हीवर भागत नाही." मागून बायको वर आली आणि कठड्यावरचे माझे हात पाहून तिला सगळं कळलं. माहेरी कुणाला सांगायचं नाही, ही मी तिला घातलेली शपथ तिला आठवली असावी. ती नुसती म्हणाली, "उद्याचा एक दिवस. मग घरी." तिचे डोळे भरले होते. मला माझाच राग आला.

चौथ्या दिवशी धोंड्याचं जेवण. काका, काकू, मामेभाऊ, सगळी मिळून दहा माणसं. मला पाटावर बसवलं, ओवाळलं, धोंड्यांवर तुपाची धार धरली. कूलर अर्थातच माझ्या पाठीशी, नव्या बर्फासकट. जेवण झाल्यावर सासूबाईंनी लाल डबी काढली. आत अंगठी होती. माझ्या रुसव्याची किंमत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"घाला बापू. लग्नातल्याच मापाची केली आहे."

अंगठी मधल्या बोटाच्या पेरापर्यंत आली आणि अडली. पेर सुजून बोराएवढं झालं होतं. सासूबाईंनी जरा रेटलं. मी हसतमुखानं ओठ चावला. काकू म्हणाल्या तूप लावा. तूप लावलं. मामेभाऊ म्हणाला साबण लावा. साबण लावला. साळ्यानं माझा पंजा धरला, सासूबाईंनी अंगठी धरली, आणि सगळे माझ्याकडे आशेनं पाहत होते. त्यांना वाटत होतं, अंगठी घरंगळून आत गेली की रुसवा संपला. मग साळ्यानं जोर केला आणि मी ओरडलो. चांगला गल्लीभर ऐकू जाईल असा ओरडलो.

सासरेबुवा उठले. "हात इकडे करा," म्हणाले. त्यांनी माझा तुपानं आणि साबणानं बरबटलेला हात आपल्या हातात घेतला आणि एकेक पेर हळू चाचपलं. मग दुसरा हात घेतला. मनगट दाबल्यावर मी हात मागे ओढला.

"हे काय आहे?"

मी काही बोलायच्या आत बायको बोलली. शपथ मोडून, एका दमात. संधिवात, गोळ्या, रक्ताच्या तपासण्या, बटणं, खडू, कूलर, गच्ची. ती थांबली. माझ्या डोळ्यांपुढे तो दोनदा शिंकलेला मुलगा उभा राहिला.

"लग्नाच्या आधीपासून आहे?" सासरेबुवांनी विचारलं.

"नाही मामाजी. वर्षभरानं सुरू झालं."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"वाटलं, तुम्ही म्हणाल फसवलं."

तुपाचे हात बंडीला पुसत ते म्हणाले, "पोरगी देल्ली तवा म्या माणूस पाह्यला होता, बाप्पा. बैल नव्हता पाह्यला."

"पण तो शिंकणारा..." माझ्या तोंडून निघून गेलं.

"त्याचा बाप लबाड होता. तोंडावर काय सांगू? शिंकेचं सांगतलं."

एवढं बोलून ते चालत गेले आणि त्यांनी कूलर बंद केला. चार दिवसांत पहिल्यांदा ते घर शांत झालं. कोणीतरी खिडकी उघडली तशी लू, उन्हाची भाजणारी झळ, आत आली. दुपारचा एक वाजला होता, आणि पुरण खाऊन बसलेली दहा माणसं पंख्याच्या गरम वाऱ्यात निथळायला लागली. सासरेबुवांनी बंडी काढली, खांद्यावर ओला दुपट्टा टाकला आणि माझ्यासमोर मांडी घालून बसले.

"आता सांगा. कवा कवा दुखते? पेरणीपासून सांगा."

मी सांगायला लागलो. पेरणीच्या वेळी मनगटं. भर पावसात, पिकात डवरणी चालते तोवर गुडघे. ते मधेच विचारायचे, "अन् सोयाबीन सोंगतो तवा?" तेव्हा बरं असतं. "तूर तोडाच्या टाइमले?" तेव्हा मूठ मिटत नाही, बटणं ही लावते. "अन् हरभऱ्याचे घाटे भरते तवा?" तेव्हा सकाळी वाईट, दुपारी ठीक. त्यांना महिने नको होते, पिकं हवी होती, आणि माझं अख्खं वर्ष असं कोणी कधी विचारलंच नव्हतं. डॉक्टर विचारतात तेव्हा मागे रांग असते. बायकोला मी तुकड्या-तुकड्यांत सांगितलं होतं, तेही चिडचिड करत. मला रडू यायला लागलं. सगळेच घाम पुसत होते, म्हणून मीही पुसत राहिलो.

"अन् गहू निघाल्यावर?"

"गहू निघाल्यावर बरं असतं मामाजी."

"मंग आता या टाइमले तुमाले बरं असाले पायजे होतं."

"हो."

त्यांनी मान खाली घातली. तेवढ्यात काकूंनी पदरानं वारा घेत हळूच विचारलं, "कूलर तिकडच्या तोंडानं थोडासा लावू का जी? लेकराइले उकडून राहिलं."

"उकडू दे," सासरेबुवा म्हणाले. "जवाई बोलून राहिले."

कोणी उठलं नाही.