थोरल्याचा मान

विद्यादात्री शारदेला वंदन करून, निवृत्त सेवक मंडळाच्या स्मरणिकेसाठी हा प्रसंग लिहितो.

मी कारखान्याच्या पर्सोनेल, म्हणजे कामगारभरतीच्या, खात्यात अधिकारी होतो. भोसरीचे बाबूराव माझ्यासमोर बसले होते. त्यांची जमीन आमच्या कारखान्यात गेली होती. त्याबदल्यात घरातील एकास कायम नोकरी मिळणार होती. धाकटा किसन आयटीआय झालेला टर्नर, म्हणजे लेथवर धातू कातणारा कारागीर. थोरला महादू शाळेत फारसा गेलाच नव्हता.

"किसनचे नाव द्या," मी विनविले. "तो कुशल श्रेणीत लागेल. महादूला ओझी उचलावी लागतील."

"थोरला असताना धाकल्याला? भावकी तोंडात श्यान घालंल माझ्या, सायेब. आन् किसन शिकल्याला हाय. त्याला कुटंबी मिळंल काम."

वडिलांशेजारी बसलेल्या किसनने आपले प्रमाणपत्र घडी करून खिशात ठेवले.

महादू हेल्पर झाला. लेथपाशी सळया पोहोचवायच्या, लोखंडाचा कीस उचलायचा. त्याने कधी खाडा केला नाही. यंत्रभागांची ड्रॉइंग, म्हणजे आराखडे, वाचण्याच्या सायंवर्गास मी त्याला बोलावले, तर म्हणाला, "वर्गात बसलो तर ओव्हरटाइम बुडंल की!" घर त्यावरच चालत होते, कारण मंदीमुळे किसनला कोणत्याही कारखान्याने घेतले नाही. तो टेम्पो चालवू लागला.

काही वर्षांनी स्वयंचलित यंत्रे आली. हेल्पर नकोसे झाले. जो ट्रेड टेस्ट, म्हणजे कामाची परीक्षा, उत्तीर्ण होईल, तोच राहणार होता.

परीक्षेत महादूने समोरचे ड्रॉइंग बराच वेळ पाहिले. मग कागद हलकेच माझ्याकडे सरकवला. "आमी आपलं उचलावं, ठिवावं. ह्ये न्हाई जमायचं."

त्याची नोकरी गेली. बाबूराव किसनला घेऊन आले. "आता ह्याला घ्या."

मॅनेजर मला म्हणाले, "घराला एकच जागा होती, शास्त्रीजी. ती दिली."

"निदान परीक्षा तरी घ्या."

नाइलाजाने त्यांनी मान्य केले. किसनने लेथ सुरू केला. पहिला तुकडा बिघडला, दुसराही. त्याने स्वतःच स्विच बंद केला. "हातात आता टेम्पोचं स्टेअरिंग बसलंय, साहेब."

बाहेर बाकावरून बाबूराव उठले. "कोन लागलं?"

"कोणीच नाही," मी म्हणालो.

जमिनीच्या मोबदल्यात नोकरी मिळते, ती टिकविणारी विद्या मिळत नाही. आणि मिळविलेली विद्याही कामावाचून गंजते.

वाचकहो, आपल्या घरी थोरलेपणाआधी विद्येला पाट मांडला जावो, आणि आपली चूल सदैव पेटती राहो.