रसवंतीवाल्याची शुगर

कोल्हारच्या रस्त्याला आमची रसवंती आहे. हे चरकावर, मी गल्ल्यावर. सकाळी दोघांनी बसून ऊस तासायचा, मग दिवसभर रस. आणि ह्यांना शुगर! लोकांना एवढं पुरे. गिऱ्हाईक ग्लास हातात घेऊन ह्यांनाच विचारतं, "काय मालक, चाखला का?" वर दात काढतं. शुगर निघाल्यापासून ह्या माणसानं रसाचा थेंब तोंडात घातलेला नाही. मी समोर बसलेली असते, मला ठाऊक नसणार तर कुणाला?

दर महिन्याला ओपीडीला जायचो. तिथं कॉम्प्युटर आलेला. सिस्टरनं बोट टोचायचं, आकडा आत टाकायचा, मग इन्सुलिन किती घ्यायचं ते कॉम्प्युटर सांगणार. डॉक्टर तरुण होते, पण मान वर करतील तर शपथ. ह्यांचा आकडा टाकला की पडदा लाल. इन्सुलिन वाढवलं. पुढच्या खेपेला परत लाल, परत वाढवलं. वर सगळ्या रांगेसमोर, "काका, रस पिणं बंद करा. कॉम्प्युटर खोटं बोलत नाही." म्हणजे माझा नवरा खोटं बोलतो! आणि हे आपले मान खाली घालून, "व्हय साहेब."

मग एक दिवस भर दुपारी, गिऱ्हाईक उभं असताना, ह्यांना दरदरून घाम फुटला. बोलणं जड झालं, आणि ऊस धरलेला हात तसाच चरकाकडं निघाला. मी गल्ला टाकून धावले, हात मागं ओढला, मशीन बंद केलं. सिस्टरनं सांगून ठेवलं होतं, असं झालं तर साखर उतरली समजा, गोड पाजा. हाताशी रसच होता, तो पाजला. थोड्या वेळानं माणूस उठून बसला. अहो, ज्याची साखर उतू चाललीय, त्याची उतरेल कशी?

दुसऱ्या दिवशी ऊस तासून तशीच ह्यांना घेऊन ओपीडी गाठली. सगळं सांगितलं. सिस्टरनं स्पिरिटचा बोळा फिरवून बोट टोचलं. पडदा लाल. डॉक्टर म्हणाले, "काल रस पाजलात ना? बघा, अजून वाढवायला सांगतोय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "वाढवा! आन् उद्या हात चरकात गेला की त्यो बी कॉम्प्युटरलाच जोडाय सांगा!" मी बोट पुढं केलं. "टोचा. मी रोज ग्लासभर पिते, चारचौघांत. रस पिणाऱ्याची किती येती, बघू द्या."

माझा आकडा ह्यांच्याही वर गेला. मला ना शुगर ना काही, आणि कॉम्प्युटर म्हणतो, इन्सुलिन सुरू करा! डॉक्टरांनी पहिल्यांदा मान वर केली. "काकू, कधीपासून त्रास आहे?" मी रक्त थांबवायला बोटावर अंगठा दाबला, तर तो चिकटला. उसाचा चिकटा! स्पिरिटच्या बोळ्यानं तो निघतच नव्हता, आणि तीच साखर रक्ताच्या थेंबात उतरत होती.

नळावर गेले, साबण लावून खसाखसा हात धुतले, परत टोचायला लावलं. पडदा हिरवा. ह्यांचे हात धुतले. ह्यांची साखर तर कमीच निघाली, इन्सुलिन उतरवा म्हणाला तोच कॉम्प्युटर. इतके महिने साप साप म्हणून भुई धोपटत होते, आणि मार खात होता माझा नवरा.

डॉक्टर काय म्हणाले असतील? "काका, हात धुऊन यायला हवं होतं."

"आमचा धंदा ठाऊक हुता की तुमाला," मी म्हटलं. "रस पिता म्हनायला ठाऊक हुता, हात धुवा म्हनायला न्हाई? आता ह्या रांगेम्होरं सांगा, हे खोटं बोलत नव्हते."

"काकू, कॉम्प्युटरनं जे..."

"कॉम्प्युटर राहू द्या. तुमी म्हना."

ते उठून उभे राहिले. "काका खरं बोलत होते," म्हणाले. आवाज बारीक होता, पण रांगेनं ऐकलं. तर ह्यांनी उलट त्यांनाच हात जोडले, "लई उपकार झाले साहेब."

उपकार! बाहेर आल्यावर मी ह्यांच्यावरच उखडले. वाचलात म्हणून, नाहीतर हात गेला असता, आणि उपकार कसले मानता? ह्यांनी डोळे पुसले.

"अगं, मलाच वाटाय लागलं हुतं," ते म्हणाले, "मी झोपेत उठून रस पितो का काय."